आमच्याकडे बर्फ काढतात

आधी माफी मागतो. अमेरिकेतल्या मराठी लोकांच्या या अंकात लिहिणारे बहुतेक जण इथे तीस-चाळीस वर्षं राहिलेले असतात. नोव्हायसारख्या थंड शहरातल्या एखाद्या काकांनी आपल्या ड्राइव्हवेवरून जितका बर्फ उपसला असेल, तितका मी अजून पाहिलेलाही नाही. माझा हा दुसराच हिवाळा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे परीक्षेतल्या उत्तरांपलीकडे काही लिहायची मला सवय नाही. आठवणी म्हणाव्यात असं वयही नाही. पण अंकाचं काम बघणाऱ्या मावशी फोनवर म्हणाल्या, "अरे, स्की टाउनमधला मराठी मुलगा आम्हाला दुसरा कुठून मिळणार? लिही तू. चुकलं तर मी बघते." म्हणून लिहितो. एक गोष्ट आधीच सांगतो. यात हेवा फार आहे. तो काढून टाकून लिहून पाहिलं, तर पानावर काही उरेना.

मी निघालो तो ऑगस्टचा पहिला आठवडा होता. आमचं गाव कोकणातलं, बंदराचं. तेव्हाच मासेमारीची बंदी उठते, होड्या पुन्हा समुद्रात जायला लागतात आणि बर्फाचा कारखाना दिवसरात्र चालू होतो. बाबा त्या कारखान्यात आहेत. मिठाच्या गार पाण्याच्या टाकीत पत्र्याचे डबे सोडायचे, आतल्या पाण्याची लादी झाली की डबा वर ओढून लादी बाहेर काढायची, आकड्याने खेचत क्रशरपर्यंत न्यायची. तिथून चुरा थेट होडीत. सीझनच्या तोंडावर त्यांना रजा मिळणं शक्य नव्हतं. मुंबईपर्यंत येतो म्हणत होते, ते एसटी स्टँडपर्यंतच आले, तेही गमबूट घालून. गाडी सुरू झाली तेव्हा त्यांनी खिडकीतून हात घालून माझ्या मानेवर ठेवला. बाबांचा हात कायम गार असतो. "जपून रे," एवढंच म्हणाले. आई कंडक्टरला सांगत होती, "अमेरिकेला चाललाय तो. मुंबईला नीट उतरवा." अख्खी गाडी हसली. मीही हसलो आणि मग दापोली येईपर्यंत तोंड खिडकीकडे करून बसलो.

विमानतळावर चिन्मयला पहिल्यांदा भेटलो. तो पुण्याचा. युनिव्हर्सिटी एकच, म्हणून आधी ग्रुपवर ओळख झाली होती. त्याला सोडायला आई-बाबा, आजी, आत्या, मावसभाऊ असं अर्धं लग्नघर आलं होतं. कुणी त्याची कॉलर नीट करत होतं, कुणी फोटो काढत होतं. मी माझी ट्रॉली धरून बाजूला उभा होतो. त्याच्या आईने, म्हणजे काकूंनी, मला पाहिलं आणि विचारलं, "तुझं कुणी नाही आलं का रे?" किती साधा प्रश्न, तोही मायेने विचारलेला. मी "सीझन आहे" म्हणालो. कसला सीझन ते त्यांना कळलं नाही आणि मीही सांगितलं नाही. हेवा छातीत होत असेल असं मला वाटायचं. तो पोटात होतो, भुकेसारखा.

आमची युनिव्हर्सिटी मोंटानात, डोंगरांच्या मधल्या एका लहान गावात आहे. आम्ही पोचलो तेव्हा डोंगर पिवळे होते आणि लोक आतापासूनच हिवाळ्याची वाट बघत होते. ते मला समजेना. नोव्हेंबरात समजलं. पहिला मोठा स्नो पडला त्या दिवशी वर्ग निम्मे रिकामे होते आणि प्रोफेसरांनाही त्याचं काही वाटलं नाही, कारण तेही दुपारी डोंगरावर जाणार होते. गाड्यांच्या टपावर स्की बांधलेले. किराणा दुकानात लोक स्कीचे बूट घालूनच खाडखाड चालत दूध घ्यायला येतात. कॉफीच्या रांगेत अनोळखी माणसं एकमेकांना विचारतात, वर किती पडला. आमच्या बंदरावर "आज काय लागलं जाळ्याला?" विचारतात, अगदी त्याच आवाजात. फरक इतकाच, की इथे न पडल्याने कुणाची चूल अडत नाही. गंमत म्हणून इतकं गंभीर होता येतं, याचासुद्धा मला हेवा वाटला.

कॅम्पसवरच स्की भाड्याने देणारं एक केंद्र आहे. तिथे मला काम मिळालं. बूट बसवून द्यायचे, परत आलेल्या स्कीला खालून मेण घासून इस्त्री करायची. हो, चक्क इस्त्री, फक्त ती कपड्यांची नसते. आलेल्या प्रत्येकाला उंची, वजन आणि स्की कितपत येतं ते विचारायचं, कारण पडल्यावर बूट स्कीतून किती लवकर सुटायला हवा ते त्यावर ठरतं. वजन सगळेच कमी सांगतात आणि स्की सगळ्यांनाच जास्त येतं.

घरी फोनवर सांगितलं तेव्हा बाबा खूश झाले. "म्हणजे तूपण बर्फातच!" आमच्याकडे असंच म्हणतात. कुणी बँकेत आहे, कुणी एसटीत आहे, कुणी बर्फात आहे. दुसऱ्या दिवशी ते बंदरावर सगळ्यांना सांगून आले, "पोरगा अमेरिकेत बर्फात लागला." आई मागून म्हणाली, "बर्फातच जायचं होतं तर इथे काय वाईट होतं?"

केंद्रात काम करणाऱ्यांना नवशिक्यांचा एक वर्ग फुकट असतो. मी आणि चिन्मय बरोबरच गेलो. शिकवणारी मुलगी म्हणाली, आज आपण आधी पडायला शिकणार. चिन्मय लगेच पडला, खो खो हसला, उठला, पुन्हा पडला. तासाभरात तो वळायला लागला. मी मात्र उतारावर गुडघे आवळून नुसता उभा. शेजारून चार वर्षांची पोरं सुसाट जात होती आणि जाताना मला "एक्स्क्यूज मी" म्हणत होती. चिन्मय खालून ओरडला, "अरे पड ना यार! काय होतंय? बर्फ आहे, काँक्रीट नाही!"

त्याला कसं सांगू? मला आयुष्यभर एकच शिकवलंय, पडू नकोस. पहिलीपासून बारावीपर्यंत, इंजिनिअरिंगला, इथल्या प्रत्येक परीक्षेला. आम्ही पडलो तर उचलायला मागे कुणी नाही, हे आई-बाबा कधी बोलून दाखवायचे नाहीत. फक्त "जपून" म्हणायचे. चिन्मयला स्की लवकर आलं, कारण पडण्यात त्याचं काही जात नव्हतं. मला त्याच्या वळण्याचा नाही, त्या पडण्याचा हेवा वाटला.

जानेवारीत त्याचे आई-बाबा आले. काकू पुण्याच्या, डेंटिस्ट. काका मूळचे नागपूरचे. त्या दिवशी केंद्रात मीच होतो.

"काल रात्री केवढं बर्फ पडलं!" काकू म्हणाल्या.

"पडलं काय? बर्फ पडली," काका म्हणाले.

"पंचवीस वर्षं पुण्यात राहून तुमची बर्फ अजून बाईच आहे." काकूंनी मला साक्षीला घेतलं. "तुमच्याकडे काय म्हणतात रे? पडलं की पडला?"

"आमच्याकडे पडत नाही काकू," मी म्हणालो. "आमच्याकडे बर्फ काढतात."

मग सगळं सांगावं लागलं. बाबा, कारखाना, लादी, क्रशर. काका मन लावून ऐकत होते. चिन्मय म्हणाला, "साल्या, हे मला अख्ख्या सेमिस्टरमध्ये कधी बोलला नाहीस."

काकूंना बूट घालायचे होते. मी नेहमीसारखा खाली गुडघ्यावर बसलो आणि त्यांचा पाय हातात घेतला, तर त्यांनी तो चटकन मागे ओढला. "अरे अरे, पायाला नको हात लावूस! मुलासारखा तू." इथे दिवसाला कितीतरी पाय माझ्या हातातून जातात, कुणी असा पाय मागे घेत नाही. मी म्हटलं, "मुलासारखा म्हणता, मग लावू द्या की." तेव्हा त्यांनी पाय पुढे केला. मी बूट चढवला, एकेक पट्टी ओढून लावली, आणि मी उठताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. नंतर मी खिडकीतून बघत राहिलो. चिन्मय आईचे दोन्ही हात धरून उलटा चालत तिला उतारावर नेत होता आणि ती किंचाळत होती, "सोडू नको हं, कार्ट्या!"

माझ्या आईच्या पायाचं माप काय, ते मला माहीत नव्हतं. संध्याकाळी फोन करून विचारलं. "मापाचं काय करायचंय?" ती म्हणाली. "होईल ती स्लिपर घालते मी." त्याच फोनवर मी ठरवलं की डिसेंबरात डिग्री मिळेल तेव्हा या दोघांना इथे आणायचंच. आमच्या घरातल्या कुणी पदवीदान समारंभ कधी पाहिलेला नाही, माझ्या इंजिनिअरिंगचाही नाही, कारण मीच गेलो नव्हतो. आणि मी इथे नक्की काय करतो ते त्या दोघांनी डोळ्यांनी बघेपर्यंत, मी इथे पुरता आलोय असं मला वाटतच नव्हतं.

व्हिसाच्या मुलाखतीची तयारी आम्ही फोनवर केली. मी ऑफिसर व्हायचो.

"तुम्ही काय करता?"

"बर्फात आहे," बाबा म्हणायचे.

"बाबा, तसं नाही. बर्फाच्या कारखान्यात काम करतो म्हणा. मुलगा काय करतो?"

"तोपण बर्फातच."

"शिकतो म्हणा! मास्टर्स करतो."

"बरं, मास्टर्स."

"आणि परत येणार का विचारलं तर?"

"न येऊन काय करू? माझं काय आहे तिथे?"

"मी आहे ना इथे," मी म्हणालो, आणि आई हसायला लागली.

सप्टेंबरात ते मुंबईला गेले. खिडकीपलीकडे साहेब, बाजूला मराठीत सांगणारी बाई. घाबरून बाबांच्या तोंडून तेच गेलं. मी बर्फात आहे, पोरगाही बर्फात आहे. त्या बाईने त्याचं इंग्रजीत काय केलं असेल कोण जाणे. साहेब हसला, त्याने आणखी दोन प्रश्न विचारले आणि दोघांनाही नाही म्हटलं. कारण ते नसेलही. पण बाबांच्या मनात तेच बसलं. आई म्हणाली, "खरं तेच बोलले की ते." बाबा फोनवर आले नाहीत.

त्याच आठवड्यात चिन्मयने सांगितलं, त्याचे आई-बाबा समारंभाला पुन्हा येणार. त्यांचा व्हिसा आहेच. मग माझा चेहरा बघून म्हणाला, "यार, ते तुझ्यासाठीपण टाळ्या वाजवतील. आई तर शिट्टी मारते." तो मनापासून बोलत होता. तो चांगला मुलगा आहे, हीच तर माझी अडचण आहे. वाईट असता तर हेव्याला कुठेतरी टेकायला जागा मिळाली असती. मी "थँक्स" म्हणालो आणि मागच्या खोलीत जाऊन, सीझन सुरू व्हायला अवकाश असताना, मेण लावून झालेल्या स्कीला पुन्हा मेण लावत बसलो.

त्या दिवसांत मला कशाचाही हेवा वाटायचा. कॉफीच्या रांगेत बापाच्या खांद्यावर झोपलेल्या पोराचा. इकडच्याच अल्फारेटा शहरात आईवडिलांना सहा महिने ठेवून घेणाऱ्या सीनिअरचा. गावातल्या माझ्या मित्रांचाही, ज्यांना मी कधीकाळी मागे पडलेले म्हणायचो. ते रोज संध्याकाळी कारखान्यावरून जातात आणि बाबांना हाक मारतात.

पुन्हा तारीख मिळाली ती नोव्हेंबरातली. या वेळी बाबा तालीम करायला तयार नव्हते. "आम्ही बघतो," एवढंच म्हणाले. तो दिवस आला आणि गेला, घरून फोन नाही. दोघांच्यात मिळून एकच फोन आहे, तो बंद लागत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी केंद्र उघडलं. बाहेर स्नो पडत होता, डोंगरावरचं स्कीइंग त्या दिवशी सुरू होणार म्हणून दाराशी गर्दी होती. मी एका बाईच्या बुटाची पट्टी लावत असताना फोन वाजला. तिची माफी मागून मी तसाच जमिनीवर बसून तो घेतला.

"बॅटरी संपली होती रे," आई म्हणाली. "आत्ता घरी पोचलो. मिळाला."

मी काहीतरी ओरडलो असेन, कारण रांगेतले लोक वळून बघायला लागले.

"ऐक. मला मिळाला."

"आणि बाबांना? त्यांना पुन्हा नाही म्हणाले?"

"म्हणतील कशाला? त्यांनी मागितलाच नाही. बंदरावर त्यांना कुणी सांगितलं, एक जण घरी राहिला की दुसरा परत येतो म्हणून साहेबांची खात्री पटते. मग म्हणाले, तू एकटी जा आत. माझी पिशवी आणि फोन धरून ते बाहेर रस्त्यावर उभे होते. साहेबाने विचारलं, नवरा कुठे आहे? मी म्हटलं, इथेच आहे, तो कुठे जात नाही."

"त्यांना दे फोन."

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला. मला वाटलं ते आता सीझनचं कारण सांगतील. त्यांनी सांगितलं नाही.

"तिच्या मापाचा कोट मिळेल ना रे तिकडे?" बाबांनी विचारलं. "थंडी सोसत नाही तिला."

मिळेल, म्हणालो. आई डिसेंबरात येतेय. एकटी.