हौद्यातल्या फळ्या

आमच्या गावात त्या ड्रायव्हरला सगळे झोपाळू म्हणायचे. कारण इतकंच, की डोळे जड झाले की तो गाडी बाजूला घ्यायचा. कापूस भरून अकोल्याकडं निघाला की कनेरगाव नाक्याच्या धाब्यावर बाजेवर ताणून द्यायचा, उठून तोंडावर पाणी मारायचा आणि मगच पुढं जायचा. बाकीचे ड्रायव्हर चहावर चहा ढोसून गाडी रेटायचे आणि गावात आल्यावर ह्याचीच थट्टा करायचे. तो नुसता हसायचा. मी त्याला काका म्हणायची. त्याचं घर आमच्या घराला लागून होतं आणि माझ्या बाचा तो लहानपणापासूनचा जोडीदार.

काकाचं सगळंच रीतसर. निघण्याआधी दोर हातानं ओढून बघणार, टायरांना लाथ मारणार, ट्रकच्या मागच्या फाळक्याच्या कड्या स्वतः लावणार. मालावर माणूस बसू देणार नाही, मग तो मालाचा धनी का असेना. आणि जनावरं भरायची असली तर ट्रकच्या मागच्या हौद्यात आडव्या फळ्या टाकून तीन कप्पे करणार. "पोतं जागचं हलत न्हाई, मेंढरू हलतं," म्हणायचा. "सगळी एका अंगाला गेली की गाडीबी त्यांच्या मागं जाते."

आम्ही मेंढरंवाले. हिंगोली जिल्हा अजून वेगळा झाला नव्हता तेव्हाची गोष्ट. बकरी ईदच्या आधी बा मोठे नर हैदराबादच्या बाजाराला न्यायचा. त्या वर्षी काकाचा ट्रक ठरला. सकाळी गाडी आमच्या दारात लागली, फळ्या बसवल्या आणि मेंढरं आत गेली. कळप तीन ठिकाणी तुटल्याबरोबर त्यांनी असा काही गलका केला की गल्लीतली पोरं बघायला गोळा झाली.

"काढ त्या फळ्या," बा म्हणाला. "कळप फोडला की मेंढरू जीव टाकतं. कशी ओरडून राहिलीत, ऐकू येत न्हाई का तुला? मी आत थांबतो. माझा आवाज असला की एकबी जागचं हलायचं न्हाई."

ते खोटं नव्हतं. रानात बानं "हाऽऽ ये" अशी लांब हाक दिली, की चौखूर उधळलेली मेंढरंसुद्धा त्याच्या पायाशी येऊन उभी राहायची. मला त्या हाकेचा फार अभिमान होता.

"रानात बराबर हाय, गाडीत न्हाई," काका म्हणाला. "आन् हौद्यात माणूस बसवायचा न्हाई. कायदा हाय."

"माझ्यापरीस कायदा मोठा झाला व्हय तुला?"

काकानं फळ्या काढल्या आणि आमच्या भिंतीला लावून ठेवल्या. बा हौद्यात चढला. एकदम शांत झालेली मेंढरं घेऊन गाडी निघून गेली.

दुपारी निरोप आला, वसमतच्या अलीकडं वळणावर ट्रक उलटला. बा बाहेर फेकला गेला होता, त्याचा हात मोडला. काका खाली अडकला होता. काही दिवस तो दवाखान्यात होता, तिथंच गेला. मेंढरंही बरीच मेली.

पोलिसांनी बाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मला काई आठवत न्हाई." मग काय, बाकीचं गावानं भरलं. झोपाळूच तो, चाकावर झोपला असणार! ज्या माणसानं गाडी चालवताना झोप कधी जवळ येऊ दिली नाही, त्याच्या मरणाला ह्या लोकांनी झोपेचं कारण चिकटवलं. कुणाला शंकासुद्धा आली नाही. मला आजही त्याचा संताप येतो.

फळ्या आमच्या भिंतीला तशाच होत्या. आई त्यांच्या भोवतीनं झाडायची, पण हात लावायची नाही. बा त्या बाजूला तोंड करून जेवायचासुद्धा नाही. दोन पावसाळे गेले.

मग बा पुन्हा ईदची मेंढरं न्यायला निघाला, तेव्हा एका व्यापाऱ्यानं चहाच्या टपरीवर त्याला विचारलं, "औंदा ड्रायव्हर जागा राहणारा बघितलास न्हवं?" सगळे हसले. काकी, म्हणजे काकाची बायको, डोक्यावर गवताचा भारा घेऊन तिथूनच चालली होती. ती थांबली नाही. बानं हातातला कप तसाच ठेवला, घरी आला आणि दोन्ही फळ्या खांद्यावर घेतल्या. मोडलेला हात अजून नीट उचलत नव्हता, म्हणून एक बाजू मी धरली.

काकीच्या दारात फळ्या टेकवून बा उभ्याउभ्याच बोलला. "वयनी, त्यो झोपला नव्हता. वळणावर गाडी जराशी कलली, मेंढरं बिथरली. मी ड्रायव्हरच्या अंगाला उभा व्हतो. भ्यालो आन् हाक दिली. सगळी माझ्याकडं धावली. गाडी तिकडंच गेली, त्याच्या अंगावर."

काकीनं फळ्यांवरून हात फिरवला. मग म्हणाली, "ठावं हाय मला. दवाखान्यात बोलले व्हते ते. म्हनले, मेंढरं धन्याकडं जातील न्हाई तर कुठं जातील. त्याला तू काई इचारू नको, त्यो येईल आपल्या पायानं सांगायला." तिनं पदरानं तोंड पुसलं. "लई येळ लावलात, भावजी."

बा तिथंच खाली बसला आणि लेकरासारखा रडला. मीही रडले, पण मला त्याची दया आली नाही. रागच आला.

त्यानंतर बानं गावाला सांगायला सुरुवात केली. टपरीवर सांगितलं, पारावर सांगितलं, आठवडी बाजारात माणसं अडवून सांगितलं. लोक ऐकून घ्यायचे, त्याच्या पाठीवर हात ठेवायचे. "जोडीदार असावा तर असा. मेलेल्याचं झाकायला सगळं सोताच्या अंगावर घेऊन राहिला." बा चिडायचा, शपथा घ्यायचा. तो जितका ओरडायचा तितका गावात मोठा व्हायचा. शेवटी त्यानं सांगणं सोडलं. मेंढरांना हाक द्यायची तर त्यानं आधीच सोडली होती. पुढं जी चार मेंढरं राहिली, ती तो मुक्यानंच काठीनं वळवायचा.

बा जाऊन आता बरीच वर्षं झाली. वसमतच्या एसटीत त्या वळणावर गावातलं कुणीतरी शेजारच्याला दाखवतंच, "इथं आमच्या गावचा ड्रायव्हर झोपला व्हता." मी मागं वळून सांगते, झोपला नव्हता, आणि पुढचं सगळं सांगते.

"तुझा बाबी असंच म्हनायचा," ते म्हणतात. "लई मोठ्या मनाचा माणूस व्हता."