शह दिल्यावरही

झेरॉक्सच्या गरम कागदाचा वास आला की मला पोलादपूरच्या एका सरकारी कचेरीची पायरी आठवते. वरच्या वाडीला नळाचं पाणी मिळावं म्हणून मी तिथं धरणं धरलं होतं. पत्रकं मीच लिहिली, झेरॉक्स काढून वाटलीही मीच. वाडीतल्या अकरा जणांनी येतो म्हणून शब्द दिला होता, दुपारपर्यंत एकही फिरकला नाही. कुणी मुंबईला गेलं, कुणाकडे लग्नाची हळद निघाली. साहेब आत होते, पण साधं निवेदन घ्यायला त्यांना वेळ नव्हता. आणि म्हणे लोकांचं राज्य! उन्हात बसून मी मोबाईलवर बुद्धिबळाची कोडी सोडवत राहिलो. डाव मध्यावर आलेला असतो, आपण नेमकी चाल शोधायची. चाल बरोबर असली की समोरून लगेच उत्तर येतं. त्या दिवशी मला उत्तर देणारं तेवढंच होतं. कचेरीतले म्हातारे शिपाई शेजारी येऊन टेकले. "एकटाच कोनाशी खेलतोस रे?" मी म्हणालो, "काका, हे बघा, वजीर देऊन टाकला की राजाला शह बसतो. मग त्याला हलावंच लागतं." ते मोबाईलकडे बघत म्हणाले, "तुझा राजा बरा हाय. आमचा सायब मगाशीच मागच्या दारानं गेला." संताप नंतर आला, आधी लाज वाटली, कारण साहेब निघाले तेव्हा मी खाली मान घालून चाल शोधत होतो. आता मी धरण्याला बसतो तो मागच्या दारासमोर, आणि अजूनही एकटाच.