ऐनवेळचे मास्तर

मास्तर बोट वर करायचे. एकच बोट, वर्गाबाहेर जायची परवानगी मागणाऱ्या मुलासारखं. पक्षाच्या प्रभाग बैठकीतले विषय संपले, चहाचे कप फिरायला लागले, की ते बोट वर जायचं. "एकच ओळ आहे. ठरावात घ्या."

तुमच्याही सोसायटीत असा एखादा गृहस्थ असेल बघा. तो उठला की बाकीचे चपला शोधायला लागतात.

ओळ अशी होती : 'पक्षाचा कोणताही फलक झाडाला ठोकला जाणार नाही, आणि तो कापडीच असेल.' येरवड्यातल्या आमच्या कार्यालयासमोर कडुनिंब आहे. त्याचा बुंधा तेव्हा दिसायचाच नाही. खाली वाढदिवसाचे साहेब, वर अभिनंदनाचे साहेब, आणि कडेकडेने त्यांना शुभेच्छा देणारी अख्खी वरात. मास्तर शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले. रोज सकाळी पक्कड घेऊन ते खिळे उपटायचे, चहापत्तीच्या डब्यात भरून बैठकीला आणायचे आणि टेबलावर डबा खुळखुळवायचे. "खिळा लाकडात मारायचा असतो, झाडात नाही. लाकूड मेलेलं असतं."

"मास्तर, झाडाला इंजेक्शन दिलं समजा की!" अध्यक्ष म्हणायचे. सगळे हसायचे. मीही.

मी चिटणीस. इतिवृत्ताची वही माझ्याकडे. अक्षर सुंदर, अक्कल बेताची. मी तेव्हा तरुण होते, म्हणजे बावन्न वर्षांची, आणि नगरसेवकाचं तिकीट यंदा मलाच मिळणार असं ठामपणे वाटणारी प्रभागातली एकमेव व्यक्ती होते. तिकीट हवं तर अध्यक्षांना खुपेल असं काही वहीत नको. म्हणून मास्तरांच्या ओळीच्या जागी मी दर वेळी वळणदार अक्षरात लिहायची : 'ऐनवेळच्या विषयांवर चर्चा झाली.'

मग पक्षाने पर्यावरण आघाडी काढली आणि मला प्रमुख केलं. मास्तर पेढे घेऊन आले. मी काय करावं? फ्लेक्स छापला. 'झाडे वाचवा', आणि शेजारी माझा फोटो, चित्रातल्या झाडाहून मोठा. तो त्याच कडुनिंबाला ठोकून घेतला आणि बुंध्याशी नारळही वाढवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर दारात. काखेत फ्लेक्सची गुंडाळी.

"फोटो छान आलाय, चिटणीसबाई. खिळे सहा होते. गच्चीतल्या वॉशिंग मशीनवर घाला हा, पाणी लागायचं नाही."

आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. फ्लेक्स मात्र घातला. अजून आहे. नात विचारते, "आजी, ही कोण गं एवढी हसतेय?" मी सांगते, "होती एक शहाणी."

तिकीट साहेबांच्या मेहुण्याच्या बायकोला मिळालं. निदान त्यानंतर तरी ती ओळ लिहायची! पण हाताला वळण पडलं होतं.

एकदा मी वैतागून विचारलं, "अहो मास्तर, लिहून काय होणार आहे? ठोकणारे ठोकणारच."

"ठराव झाला की तो वर पाठवावा लागतो. वरच्यांनी नाही म्हटलं तरी चालेल. पण सही करून म्हणावं. मला अजून कुणी नाहीसुद्धा म्हटलेलं नाही, बाई."

शेवटच्या बैठकीला ते जिना चढून आले तेव्हा छातीचा भाता झाला होता. सगळे गेल्यावर हळूच म्हणाले, "लिहिता ना आपण ती ओळ? इतक्या वर्षांत वही भरली असेल."

"लिहिते तर," मी म्हटलं.

वही बघू द्या, असं ते म्हणाले नाहीत. डबा माझ्याकडे सरकवला, "असू दे तुमच्याकडे," म्हणाले आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेले.

ते वारले. शोकप्रस्ताव लिहायचं काम माझ्याकडे आलं. आता शोकप्रस्तावाची गंमत तुम्हाला माहीत आहे. त्यावर चर्चा होत नाही, विरोध तर नाहीच. सगळे माना खाली घालून उभे असतात. मी वाचत गेले, 'दिवंगतांच्या स्मृतीस अभिवादन करून ही सभा ठराव करते की', आणि पुढे ती ओळ, अख्खी. अध्यक्षांनी एक डोळा उघडला. पण मौनात बोलणार कसं? एकमताने मंजूर. दुसऱ्याच दिवशी सहीशिक्क्यानिशी मी तो वर पाठवला.

उत्तर आलं नाही. नाहीसुद्धा आलं नाही. पंधरा दिवसांत साहेबांचा वाढदिवस आला आणि कडुनिंब पुन्हा दिसेनासा झाला. मी वही उघडून अध्यक्षांपुढे धरली.

"काकू," ते म्हणाले, "ते भावनेच्या भरात झालं हो."

आता चिटणीस नवी मुलगी आहे, खराडीला आयटीत नोकरी करते. इतिवृत्त लॅपटॉपवर लिहिते. परवाच्या बैठकीत चहा आला आणि मी बोट वर केलं. "एकच ओळ आहे. मंजूर झालेली आहे. पाळा."

लोक चपला शोधायला लागले. मी चष्मा लावून तिच्या खांद्यावरून डोकावले. ती भराभर टाइप करत होती : 'ऐनवेळच्या विषयांवर चर्चा झाली.'

मी तिच्या कानाशी डबा खुळखुळवला. तिने वर न बघताच विचारलं, "काकू, अजून चहा हवाय का?"