दोन दुकानांमधला काजंवाला

खोटं कशाला बोलू, समोरच्या दुकानावर मी वर्षानुवर्षं जळलो. मैसूरच्या विजयनगरात आमची शिंप्याची दोन दुकानं समोरासमोर होती, एक माझं आणि एक चुलतभावाचं. आजोबांनी दोघांना एकाच मशीनवर शिकवलं. पण त्याची कॉलर अशी बसायची, की गिऱ्हाईक आरशासमोरून हलायचं नाही. माझ्या कॉलरीला लोक 'ठीक आहे' म्हणायचे. विठ्ठलमंदिरात भजनाला बसलो तरी त्याचाच आवाज वर चढायचा. बायको म्हणायची, "तुमचं लक्ष सुईपेक्षा समोरच जास्त."

कोपऱ्यावरच्या जिन्याखाली काजंवाला बसायचा. बेट्टदपुरहून आलेला माणूस. शिवून झालेल्या शर्टांना काजं करायची, बटणं लावायची, एवढंच त्याचं काम. दोन्ही दुकानांचे शर्ट त्याच्याकडे जायचे.

आमच्या धंद्यात एक रीत होती. गौरी-गणपतीच्या आधी हातातलं काम उरकेनासं झालं, की नव्या गिऱ्हाइकाला शेजारच्या शिंप्याकडे पाठवायचं. मी ती रीत मोडली. त्या सुमारास मोठ्या रस्त्यावर तयार कपड्यांचं चकचकीत दुकान निघालं होतं. मी लोकांना खुशाल तिकडे धाडायचो. समोर बोट दाखवायला माझा हातच उठत नसे.

दोन-तीन वर्षांनी चुलतभावानं दुकान बंद केलं आणि हूटगळ्ळीच्या एका कारखान्यात शिलाईला लागला. त्या दिवशी मी घरी मैसूरपाक नेला. बायकोनं तो तोंडात घातला नाही.

मला वाटलं, आता त्याची सगळी गिऱ्हाइकं माझी. कसचं काय! बरीचशी तयार कपड्यांकडे गेली. रस्ता मीच दाखवला होता. कपडे होईपर्यंत थांबणारी माणसं कमी झाली, तशी शेजारचा कॉफीवाला दुपारी दार ओढून घेऊ लागला. मग एक दिवस काजंवाल्यानंही मशीन बांधलं.

"ओंदु अंगडीयिंद होट्टे तुंबल्ल," म्हणाला. एका दुकानावर त्याचं पोट भरत नव्हतं.

आता काजं मलाच हातानं करावी लागली. डोळे दुखायचे, शर्ट आठ-आठ दिवस बटणांवाचून पडून राहायचे. उरलेली गिऱ्हाइकंही कुरकुरू लागली.

एकदा एकादशीला मंदिरात चुलतभाऊ शेजारी बसला. माझी बाही हातात धरून बघत राहिला.

"अय्यो, काजं कोण केलं रे हे?"

"मीच."

"वाकडं झालं." मग आवाज उतरवून म्हणाला, "तू लोकांना तिकडं मोठ्या दुकानात पाठवत होतास, ते मला ठाऊक होतं. होगली बिडु, जाऊ दे."

मी बाही सोडवून घेतली. "ठाऊक होतं तर बोलला का नाहीस?"

"काय बोलू? मला झेपायचं नाही ते काम मी तुझ्याकडंच पाठवत होतो."

मला ते बँकेतले साहेब आठवले, शाळेतले मास्तर आठवले. सणाच्या तोंडावर आपणहून माझ्या दारात आलेली ही माणसं. माझं नाव ऐकून येतात, असं समजून मी मिशीला पीळ देत होतो.

भजन सुरू झालं. त्याचा आवाज नेहमीसारखा वर चढला. एवढं मोठं मन याला कुठून मिळालं, या विचारानं मी टाळ वाजवत जळतच बसलो.