सगळ्यांच्या मागून धावणारा

"तुमी व्हा पुढं," असं म्हणून तो सँडलचा पट्टा ओढायचा आणि वाटेच्या कडेला उभा राहायचा. सँडल कसली, पावसाळ्यात वापरायची प्लास्टिकची. आम्ही दहा-बाराजण बुटांच्या नाड्या आवळून, मनगटावरची घड्याळं दाबून सुटायचो. शेवटचा माणूस झाडीत दिसेनासा झाला की मग हा सावकाश निघायचा.

आमचा रविवारचा कंपू बोईसरच्या एकाच कारखान्यातला. एक शिफ्ट इंचार्ज, दोघं-तिघं स्टोअरमधले, मी प्रयोगशाळेत. मी मूळची सांगलीकडची, सालवडला भाड्याने राहते. हायवे ओलांडून पूर्वेला गेलं की डोंगर लागतो. पाड्यावरच्या शाळेच्या मैदानातून निघायचं, सागाच्या जंगलातून चढायचं, धबधब्याच्या वरच्या अंगाला ओढा ओलांडायचा आणि पलीकडच्या सोंडेवरून उतरून परत मैदानात यायचं, असा आमचा फेरा. तो आमच्याच कारखान्यात ठेकेदाराकडे ड्रम हलवायच्या कामाला होता. पाडा त्याचा, रान त्याच्या पायाखालचं, म्हणून आम्ही त्याला वाटाड्या केलं. वाटाड्या पुढे असतो अशी आपली समजूत असते. त्याने ती पहिल्याच रविवारी मोडीत काढली.

"गुरं राखनारा कदी पुढं चालतो का, मॅडम?" तो म्हणाला. "पुढं चालला तर मागचं ढोर राहिलं ते त्याला कळनार कसं?"

आपली गणना ढोरांत झाली हे आमच्या इंचार्ज साहेबांना फार लागलं. पण गडी खरोखर राखायचा. लहानपणापासून पाड्याची गुरं त्याच्याकडे असत. तो डोकी मोजत नसे, चिखलातले ठसे बघायचा. कोणाची टाच रुतते, कोण पाय फरफटवतं, सगळं त्याच्या ध्यानात. "आज साहेबांचा डावा गुडघा दुखतोय," हे तो साहेबांच्या आधी सांगायचा. मला एकदा म्हणाला, "मॅडम, तुमी चिडलात की टाच आपटता." खरं होतं, म्हणून मी त्या दिवशी जरा जास्तच आपटली.

त्याला धावता येत नसेल, असं तुम्हाला वाटेल. आम्हालाही वाटायचं. एकदा साहेबांचा मोबाईल वर ओढ्याजवळ राहिला. हा गेला आणि आमचे पोहे संपायच्या आत घेऊन आला. घड्याळवाल्यांनी मनातल्या मनात त्याची वेळ मोजली आणि मनगटं पाठीमागे घेतली.

मग गेल्या वर्षी आम्हाला शर्यत भरवायची हुक्की आली. पाऊस ओसरताना, त्याच फेऱ्यावर. मी त्याला सहज विचारलं, छातीवर नंबर लावून धावणार का? तो हो म्हणायला क्षणभरही थांबला नाही.

"बायको बोलते, चार वरसं लोकांच्या पाठी बघतोस, एकदा तरी पुढनं ये. आई बी येनार हाय बघायला. तिला कमी दिसतं, माझा नंबर जरा मोठा काढा."

मी लाल रंगाने मोठा काढला. मागे राहायच्या त्याच्या कामाला पालघरचा एक हौशी धावणारा मिळाला.

त्या दिवशी मी पहिल्याच चढावर पाय मुरगळून घेतला. फार नाही, पण माझं डोकंच फिरलं. ट्रॅक्टरचा रस्ता खाली दिसत होता. उतरले, दुधाचा टेम्पो मिळाला, त्यात बसून घरी आले. दुपारची पाळी होतीच. डोंगरात रेंज नव्हती हे खरं, पण घरी होती. एक निरोप टाकायचा होता, तो मी टाकला नाही. खिचडी खाल्ली, पायाला बाम चोळला आणि ड्युटीवर गेले. तिथे फोन गेटवरच जमा करावा लागतो.

पुढचं मला सोमवारी कळलं. ओढ्यावर पहिला तोच पोचला होता, दुसऱ्याला बरंच मागे टाकून. पण वर कुठेतरी सर आली असावी, पाणी गढूळ झालं होतं. गढूळ पाण्यात गुराखी आधी कळप उतरवतो, मग स्वतः जातो. हा मांडीभर पाण्यात उभा राहिला आणि एकेकाला हात देऊन पार करत गेला. लोक त्याचे आभार मानून पळत सुटले. अगदी शेवटी पालघरचा माणूस आला आणि म्हणाला, माझ्या मागे कोणी नाही. याने अलीकडचा चिखल न्याहाळला.

"मॅडम राहिल्या," एवढंच बोलून तो उलटा फिरला.

खाली बक्षिसं वाटली गेली, मंडप गुंडाळला. तिची दुपारची पाळी आहे, ड्युटीवर गेली असेल. आणि तो काय, रानातलाच, येईल. असं म्हणून आमचे लोक घरी परतले.

सोमवारी तो कारखान्यात समोर आला तेव्हा त्याने आधी माझ्या पायांकडे बघितलं.

"पहिल्या चढावर मुरगळला ना? तिथनं ठसा फिरलाय. ट्रॅक्टरच्या रस्त्याला खडी हाय, तिथं ठसा हरवला. मला वाटलं, परत रानात वळलात."

"दादा, मी घरी गेले होते," मी म्हणाले. "चुकलं माझं."

"घरी गेलात ना, मंग बरं हाय."

आणि ड्रम ढकलत निघून गेला. सूचना फलकावर निकाल लागला होता. त्याच्या नंबरापुढे 'शर्यत अपूर्ण' असं टाईप केलेलं होतं. मला इतकी लाज आयुष्यात दुसऱ्यांदा वाटलेली नाही.

पुन्हा शर्यत झाली नाही. साहेबांची बदली झाली, कंपू पांगला. ठेकेदाराचं काम संपलं तसा तोही दिसेनासा झाला. दिवाळीनंतर मी फराळाचा डबा घेऊन पाड्यावर गेले. भातं कापून झाली होती. ओटीवर त्याची आई बसली होती.

"तो नाय," ती म्हणाली. "दोघं भट्टीवर गेलीत, विटा पाडायला. तुमी कोन?"

"कारखान्यातली."

"शर्यतवाली मानसं," ती म्हणाली. "आमी आख्खा पाडा बसलेलो मैदानात. सगळे आले, हा नाय. दिवस कलला तवा आला. मी बोलले, का रं, हरलास? तर बोलला, आई, एक बाई रानात चुकलेली. धबधब्याखाली रडत बसलेली. तिला हाताला धरून रस्त्याला लावली, मंग आलो. पाड्याला बरं वाटलं." मग तिने विचारलं, "तुमच्यातलीच ना ती? बरी हाय का आता?"

मी डबा तिच्या हातात दिला.

"बरी आहे," मी म्हणाले. "त्यांनी हाताला धरून आणली म्हणून."