बल्बाशी बोलणारा जयराम

जयराम परबाइतका स्वतःवर खूश असलेला माणूस मी कुवेतमध्ये दुसरा पाहिला नाही. फरवानियाच्या खोलीत त्याची खाट माझ्या खाटेला लागून होती, त्यामुळे त्याच्या फुशारक्या मला झोपेतही ऐकाव्या लागायच्या. मी मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत पाइपफिटर. हा राई भागातल्या एका दुकानात वायरलेस सेट दुरुस्त करायचा; टॅक्सीवाल्यांचे, क्रेनवाल्यांचे, पहारेकऱ्यांचे. "माझ्या हातात इलो की मेलेलो सेट पण बोलता," असं तो जेवताना सांगायचा, आणि वर माझ्याच ताटातला बांगडा उचलायचा.

खरं म्हणजे त्याचा जीव अडकला होता हॅम रेडिओत. धंद्यासाठी नव्हे, तर हौसेपायी जगभरची माणसं परवाना काढून वायरलेसवर एकमेकांशी बोलतात, तो हा प्रकार. जयरामने मुंबईत मोर्सची परीक्षा देऊन भारताचा परवाना मिळवला होता. पण कुवेतमध्ये तो चालत नव्हता. इथल्या परवान्याशिवाय फक्त ऐकायचं, बोलायचं नाही. एवढा बढाईखोर माणूस, पण हा नियम त्याने कधी मोडला नाही. सेट तपासताना अँटेना काढून तिच्या जागी तो एक छोटा बल्ब जोडायचा. बटण दाबून "जयराम बोलतोय, जयराम बोलतोय" म्हटलं की सेटची सगळी ताकद त्या बल्बात जायची, बल्ब पेटायचा आणि आवाज दुकानाबाहेर जायचा नाही. मी एकदा चिडवलं, "बायकोपेक्षा जास्त त्या बल्बाशी बोलतोस." तो हसला नाही. म्हणाला, "बायको उत्तर तरी देता."

सत्त्याण्णवच्या सुमारास एका टॅक्सी कंपनीचे जुने सेट अम्गऱ्याच्या भंगारबाजारात आले. जयरामने ते उचलून आणले आणि दुकानमालकाचे थोरले भाऊ अबू नासिर यांच्यापुढे मांडले. अबू नासिर स्वतः परवानाधारक हॅम, आणि त्यांची हिंदी आमच्याहून बरी. टॅक्सीचा सेट ज्या लहरींवर बोलतो, त्यांच्या जराशा खाली हौशी लोकांचा पट्टा असतो. आतले लहर ठरवणारे क्रिस्टल बदलायचे, मग एकेका कॉइलमधला बारीक स्क्रूसारखा गाभा फिरवून सेट त्या पट्ट्यावर आणायचा. "तुम्हा सगळ्या दोस्तांच्या गाड्यांत बसवून देतो," जयराम छाती पुढे काढून म्हणाला.

अबू नासिरनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. "उन्हाळाभर टिकले, तर तुझ्या परवान्यासाठी मी स्वतः शब्द टाकीन. नाही टिकले, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

हिवाळाभर तो दुकानात राबला. फिरवलेला गाभा जागचा हलू नये म्हणून त्यावर मेणबत्तीच्या मेणाचा एक थेंब टाकायचा, हे त्याला मुंबईतल्या उस्तादाने शिकवलेलं. सगळे सेट झकास वाजले. थंडीत वाळवंटात तंबू ठोकून बसलेली अबू नासिरची मंडळी त्यांवरून गप्पा मारू लागली आणि जयराम खोलीत सरदारासारखा वावरू लागला.

जून उजाडला आणि सेट एकामागून एक बहिरे झाले. अबू नासिरनी आपला सेट स्वतः आणून टेबलावर ठेवला. जयरामने झाकण उघडलं. उन्हात तापलेल्या गाडीत मेण वितळून ओघळलं होतं आणि रस्त्याच्या हादऱ्यांनी गाभे खाली सरकले होते. मुंबईत जे मेण जन्मभर टिकलं असतं, ते कुवेतच्या डॅशबोर्डाखाली आठवडाभरही टिकलं नव्हतं. आणि या शहाण्याने सगळे सेट थंडीत, दुकानात बसून जुळवलेले! त्या रात्री तो जेवला नाही. माझा बांगडा माझ्याच ताटात राहिला आणि मला तो गोड लागला नाही.

सकाळी मात्र त्याने मला हलवून उठवलं. "उठ रे, शुक्रवारी तुझ्या कंपनीची गाडी माका व्हयी. सेट जंय रवतलो, थंयच तो जुळवूक व्हयो, तापलेल्या गाडीत."

मेणाच्या जागी उन्हात न वितळणारं काय लावायचं, हे त्याने रात्रभरात ठरवलं होतं. यूनुसभाईंच्या दुकानात आम्ही दोघे नेलपॉलिश मागायला गेलो. यूनुसभाई रत्नागिरीचे, जिभेला हाड नाही. "दोन बाप्ये आणि नेलपॉलिश? नवरी कोण यातली?" जयराम शांतपणे म्हणाला, "लाल द्या. गाभा हलला तर ठिपका तुटलेला दिसायला हवा."

मग दर शुक्रवारी भर दुपारी कंपनीचा पिकअप उन्हात, काचा बंद. सेट पुरते तापले की हा आत शिरायचा. विणकामाची प्लॅस्टिकची सुई घासून टोक चपटं केलेलं, कारण लोखंड जवळ गेलं की कॉइलची जुळणी बिघडते. नाकावरून घाम ठिबकतोय, एक डोळा मीटरवर, आणि मी बाहेर सावलीसाठी पुठ्ठा धरून त्याला आणि स्वतःला शिव्या घालतोय. जुळलं की लाल ठिपका, की दुसरा सेट. दुरुस्त केलेले सेट परत देताना त्याने अबू नासिरना एवढंच सांगितलं, "चूक माझी होती. आता ऑगस्टात बघा." "उन्हाळा अजून संपलेला नाही," म्हणत त्यांनी आपला सेट उचलला.

ऑगस्ट गेला. सप्टेंबरही गेला. एकही सेट परत आला नाही. अबू नासिरनी दिलेला शब्द पाळला. कागद या खिडकीतून त्या खिडकीत फिरत राहिले, पण शेवटी जयरामच्या नावाचा परवाना आला.

त्या संध्याकाळी मी मुद्दाम दुकानात गेलो. सेट टेबलावर, आणि बल्बाच्या जागी छपरावरच्या अँटेनाची वायर. जयरामने केस विंचरले होते. बटण दाबून त्याने परवान्याबरोबर मिळालेली आपली नवी खूण, म्हणजे कॉल साइन, सांगितली, मग म्हणाला, "जयराम बोलतोय." बटण सोडलं आणि सवयीने त्याची नजर बल्बाकडे गेली. तिथे बल्ब नव्हता. क्षणभर त्याचा चेहरा पडला.

तेवढ्यात सेट खरखरला. "जयराम, मी अबू नासिर. तुझ्याच सेटवरून बोलतोय. आवाज अगदी साफ येतोय." त्यांच्यामागून दुसरा आवाज आला, मग तिसरा. सगळे त्या लाल ठिपक्यांचे सेट. रोज कानठळ्या बसवणारा हा माणूस हातात माइक धरून नुसता रडत होता.

"बोल की रे," मी ओरडलो, "लोक खोळंबलेत!"

त्याने बाहीने नाक पुसलं. "थांब जरा," तो म्हणाला. "माका उत्तर येतासा."