दार नसलेल्या बाजूची पडवी

निवृत्तीनंतरच्या पहिल्या महिन्यात मी घरातली सगळी दारं मोजपट्टी लावून मोजली. कारण काहीच नव्हतं. वाशिंदच्या कारखान्यात आयुष्यभर पाळ्या केलेल्या माणसाने दुपारी दोन वाजता घरात काय करायचं असतं, हे कुणी शिकवत नाही. बायको म्हणायची, "बसा की वाईच." मला बसता यायचं नाही. आजही येत नाही.

त्या अस्वस्थपणातूनच ट्रेलरचं खूळ निघालं. गाडीमागे ओढायची, दोन माणसं झोपतील एवढीशी चाकांवरची खोली. मोबाइलवर कुठल्याशा परदेशी जोडप्याचा व्हिडिओ पाहिला आणि डोक्यात भुंगा शिरला. गावात सगळे म्हणाले, म्हाताऱ्याच्या पायाला भिंगरी लागली. लागली होतीच, पण खरं कारण दुसरं होतं आणि ते मी कुणाला सांगत नव्हतो.

माझी आई नऊ वर्षं अंथरुणाला खिळून होती. मी पाळीला जायचो, चार माणसांत हसायचो, घरी आलो की "आई, बरी आहेस ना?" एवढं विचारून चहा प्यायचो. बाकी सगळं बायकोनं केलं. नऊ वर्षांत ती एक रात्र घराबाहेर राहिली नाही. सख्ख्या भाचीच्या लग्नातून अक्षता टाकून तशीच परतली, जेवायलाही थांबली नाही. पडवीत बसली तरी खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवायची, म्हणजे आतली खाट दिसायची. आई गेली, वर्षश्राद्धही झालं, तरी खुर्चीचं तोंड दाराकडेच. रिकाम्या खाटेकडे बघत ती वाल सोलत बसायची आणि मला स्वतःची लाज वाटायची. तिला एकदा तरी त्या दारापासून लांब न्यायचं होतं.

विचारलं तेव्हा ती लगेच हो म्हणाली नाही. ट्रेलरचा फोटो बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "येते. पन मला आत नाय बसवायचं. भायेर पडवी पायजे."

झालं. माझ्या मोजपट्टीला काम मिळालं. ट्रेलरला लावायच्या छपरांचे किती प्रकार असतात! एक नळीत गुंडाळलेलं, हँडल फिरवलं की बाहेर येणारं. एक साधं कापड, दोन खांब आणि दोऱ्या. आणि एक चारी बाजूंनी बंद तंबू, चेन लावायची, जाळीच्या खिडक्या, ट्रेलरला चिकटून एक जादा खोलीच. मी पाच-सहा विक्रेत्यांना फोन करकरून भंडावलं. वाऱ्याला टिकेल का, दव झिरपेल का, रंग उडेल का. एकाने शेवटी माझा नंबर बघून फोन उचलणंच बंद केलं. मी बंद तंबू निवडला. तिला वारा नको, डास नको, येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर नको, असा सगळा विचार केला. तिला मात्र विचारलं नाही.

ट्रेलर बनून आल्यावर अंगणात त्याला जोडून तंबू उभा केला. ती आत गेली, मी बाहेरून चेन लावून दाखवली. जरा वेळानं आतून तिचा आवाज आला, "उघडा." बाहेर आली ती घाम पुसतच.

"ही तर खोलीच झाली," ती म्हणाली. "अजून येक खोली कशाला काढलीत?"

मी चिडलो. एवढा जीव काढून निवडलेली वस्तू! दिवसभर बोललो नाही. दुसऱ्या दिवशी तंबू परत पाठवला आणि ठरवलं, मुरबाडला जिथे ट्रेलर बनवून घेतला त्या वेल्डिंगवाल्याकडेच जायचं आणि साधं उघडं छप्पर लावून घ्यायचं. कापडाचा रंग तिनं निवडायचा, म्हणून ती सोबत आली.

किन्हवलीच्या पुढे चहासाठी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. थर्मास ट्रेलरमध्ये होता. तो आणायला ती आत चढली. बाहेर येताना तिनं ट्रेलरच्या दारातून एक पाय खाली टाकला आणि हातभर अंतरावरून खडीचा डंपर धडधडत गेला. तिचा पदर उडून दारात अडकला. मी धावलो. तिनं पाय आत घेतला. मग म्हणाली, "घरी चला."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ट्रेलर बनवायला घेतला त्या सकाळी वेल्डिंगवाल्यानं नारळ फोडला, हातात खडू घेतला आणि विचारलं, "दादा, दार कुटं काढू?" मी काही विचार न करता म्हणालो, "पूर्वेला. आणि कुठं?" त्यानंही मान हलवली, उगवतीकडे बघितलं आणि खूण केली. सांगाडा तेव्हा उत्तरेला तोंड करून उभा होता. म्हणजे दार आलं उजव्या अंगाला, रस्त्याच्या बाजूला, वाहनांच्या तोंडावर! चाकांवरच्या घराला पूर्व कसली, हे आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं. आमच्याकडे घराचं दार म्हणजे पूर्वेला, त्यात विचारण्यासारखं काय असतं?

घरी परतायचं म्हटलं तरी गाडी वळवायला जागा नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला वळवायचीही नव्हती. परतलो असतो तर ती पुन्हा निघाली नसती. म्हणालो, "मुरबाड जवळ आलंय, निदान दाराचं बघून येऊ." ती गाडीत येऊन बसली.

वेल्डिंगवाला आणि मी तासभर भांडलो. तो म्हणे, "तुमीच बोललात पूर्व." मी म्हणे, "तुला कळायला नको?" छप्पर दारावरच लावायचं असतं, आणि दारावर लावलं तर ते रस्त्यात उघडणार. दार कापून पलीकडे काढायचं म्हणजे सगळं पुन्हा करायचं. आमचे आवाज चढले तशी बायको स्टुलावरून उठली आणि ट्रेलरला सावकाश फेरी घालून आली. डाव्या अंगाच्या कोऱ्या पत्र्यावर तिनं हात ठेवला.

"ह्या बाजूला दार नाय ना?"

"नाही. तीच तर चूक झाली."

"मंग पडवी हितंच लावा."

वेल्डिंगवाला हसला. "वैनी, बिनदाराची पडवी कोन लावतं? आतल्या मानसाला वळसा पडंल."

"पडू दे."

मला वाटलं, कंटाळून बोलतेय, भांडण मिटावं म्हणून. तरी मी हो म्हटलं, कारण त्या क्षणी मी कशालाही हो म्हणालो असतो. हिरवं कापड, दोन खांब, तिन्ही बाजू उघड्या. संध्याकाळच्या आत काम झालं.

पुढच्या आठवड्यात भातसानगरच्या अलीकडे एका ओळखीच्या माणसाच्या माळावर ट्रेलर लावला. भात कापून झालेलं, खाली पाणी दिसत होतं. ती तिच्या पडवीत खुर्ची टाकून बसली. मी आत चहाची तयारी करत होतो आणि नेहमीसारखी मला एकही वस्तू सापडत नव्हती.

"अगं, काडेपेटी कुठं ठेवलीस?" मी आतूनच हाक मारली.

खुर्ची सरकवून ती उठल्याचा आवाज आला नाही. नऊ वर्षं आतून हाक आली की तो आवाज यायचाच.

"शोधा," पत्र्यापलीकडून ती म्हणाली. "आसंल तितंच."

काडेपेटी खरंच तिथेच होती. चहाचे दोन कप घेऊन मी पूर्ण वळसा घालून तिच्याकडे गेलो. तिची पाठ कोऱ्या पत्र्याला टेकलेली होती आणि तोंड पाण्याकडे होतं. मागे वळून न बघता तिनं विचारलं, "आत कोन नाय ना आता?"

"कुणी नाही," मी म्हणालो.

तिनं चपला काढल्या, पाय माझ्या खुर्चीवर ठेवले आणि थोड्या वेळानं बसल्या बसल्याच तिला झोप लागली. दुपारचे दोन वाजले असतील. तिला दिवसाउजेडी झोपलेलं मी कितीतरी वर्षांनी बघत होतो. मला बसायला खुर्ची नव्हती, म्हणून मी तिच्याजवळ खाली जमिनीवर बसलो. ती उठेपर्यंत तिथून हललो नाही.